थायलंडमधील मुक्काम वाढवताना

पावसाळ्यात शॅक (किनाऱ्यावरील तात्पुरती उपाहारगृहे) उतरल्यावर गोव्यातील पर्यटन व्यवसायातील जी मंडळी थायलंडला जातात, त्यांनी मुक्कामाची मुदत तिकिटावरून नव्हे, तर पासपोर्टवरील शिक्क्यात लिहिलेल्या तारखेवरून मोजावी. घरातील पोर्तुगीज पासपोर्टधारक नातलगाचा अनुभव भारतीय पासपोर्टला लागू होईलच असे नाही, हेही आधीच लक्षात घ्यावे.

मुदत वाढवायची असल्यास प्रथम स्थानिक इमिग्रेशन कार्यालयात जावे. तिथे टीएम ७ हा अर्ज, छायाचित्र, पासपोर्टच्या प्रती, राहत्या जागेच्या नोंदणीचा पुरावा आणि १,९०० बात (थाई चलन) शुल्क द्यावे लागते. सीमेबाहेर जाऊन नव्या मुदतीसाठी परत येण्यापेक्षा हा मार्ग मला बहुतेक वेळा शहाणपणाचा वाटतो.

सीमा ओलांडूनच परतायचे असेल, तर दक्षिण थायलंडमधील हात याई शहरातून सादाओच्या नाक्यामार्गे मलेशियात जाता येते. मात्र त्याआधी मलेशियाचे डिजिटल आगमनपत्र आणि परतण्यापूर्वी थायलंडचे, १ मे २०२५ पासून सक्तीचे झालेले, असे दोन्ही ऑनलाइन भरावे लागतात. व्हिसामाफीवर जमिनीमार्गे प्रवेश एका वर्षात दोनदाच मिळतो, आणि दुसऱ्यांदाही अधिकारी परतीचे तिकीट व जवळची रोकड दाखवायला सांगू शकतो. कंबोडियाचे नाके २०२५ च्या सीमासंघर्षात बंद झाले होते. त्यामुळे ताजी स्थिती पाहिल्याशिवाय तिकडची गाडी धरू नये.

मुदत उलटल्यास दिवसाला ५०० बात, कमाल २०,००० बात दंड होतो. नव्वद दिवसांपुढे गेल्यास प्रवेशबंदीही लागते.