घरच्या संगणकावरील नको असलेला अँटीव्हायरस पूर्णपणे कसा काढावा

अँटीव्हायरस काढणे हे इतर कोणताही प्रोग्राम काढण्यापेक्षा वेगळे काम आहे आणि ते वेगळे का आहे हे आधी समजून घेतले, तर पुढच्या पायऱ्यांचा क्रम सहज लक्षात राहतो. गाणी ऐकण्याचा किंवा छायाचित्रे पाहण्याचा प्रोग्राम आपण उघडला तरच चालतो. अँटीव्हायरस मात्र विंडोजबरोबरच सुरू होतो, ड्रायव्हरच्या (विंडोजच्या गाभ्याशी जोडून चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) रूपाने फाइल व्यवस्थेच्या वाटेवर बसतो आणि कोणतीही फाइल उघडण्याआधी ती तपासतो. शिवाय एखाद्या घातक प्रोग्रामने आपल्यालाच बंद पाडू नये, म्हणून तो स्वतःच्या फाइल, सेवा (पार्श्वभूमीवर चालणारे भाग) आणि रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतील, नोंदी यांचे रक्षणही करत असतो. आपण त्याला काढायला जातो तेव्हा हेच रक्षण आपल्या आड येते.

म्हणूनच ‘प्रोग्राम फाइल्स’मधील त्याचा फोल्डर निवडून डिलीट करणे हा मार्ग कधीही पत्करू नये. बहुतेक वेळा विंडोज तसे करूच देत नाही. पण चुकून काही भाग पुसला गेला, तर फाइल गेलेल्या आणि ड्रायव्हर मात्र जागेवर अशी अर्धवट अवस्था निर्माण होते. त्यातून इंटरनेट बंद पडणे, संगणक विलक्षण मंद होणे किंवा विंडोज सुरूच न होणे असे प्रकार उद्भवतात.

नेमके काय काढायचे आहे, ते आधी ओळखा

नको असलेला अँटीव्हायरस संगणकावर अनेक वाटांनी येतो. नव्या लॅपटॉपवर निर्मात्यानेच चाचणी आवृत्ती घालून दिलेली असते आणि मुदत संपली की ती नूतनीकरणाचे संदेश दाखवू लागते. कधी दुसराच एखादा मोफत प्रोग्राम इन्स्टॉल करताना आधीच खूण केलेल्या चौकटीकडे लक्ष जात नाही आणि त्याच्यासोबत अँटीव्हायरसही आत शिरतो. कधी जुना तसाच ठेवून नवा घातला जातो. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी प्रत्येक फाइल तपासू लागले की संरक्षण दुप्पट होत नाही. फाइल उघडायला वेळ लागतो आणि एकाने वेगळ्या काढून ठेवलेल्या फाइलीला दुसरा धोका समजू लागतो.

स्टार्ट मेनूमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ असे टाइप करून ते अ‍ॅप उघडावे. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ हा दुवा असतो आणि विंडोजकडे नोंद असलेले सर्व अँटीव्हायरस व फायरवॉल (नेटवर्कवरून होणारी ये-जा नियंत्रित करणारे प्रोग्राम) तेथे नावानिशी दिसतात. कोणता चालू आहे आणि कोणता बंद, हेही तेथेच कळते.

या यादीत नाव नसतानाही पडद्याच्या कोपऱ्यात ‘आपला संगणक बाधित झाला आहे’ असे इशारे येत असतील, तर घाई करू नये. संदेश नीट वाचला तर बऱ्याचदा त्यावर ब्राउझरचे नाव आणि एखाद्या अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता दिसतो. याचा अर्थ संगणकावर असा कोणताही अँटीव्हायरस नाही. कधीतरी त्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी दिली गेली आहे आणि ते नामांकित कंपनीचे चिन्ह लावून घाबरवत आहे. अशा वेळी काढायचा प्रोग्रामच नसतो. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’ येथे जाऊन त्या संकेतस्थळाची परवानगी रद्द केली की इशारे थांबतात. अनेक लोक या इशाऱ्यांना घाबरून पैसे भरतात, म्हणून ही खात्री सर्वांत आधी करून घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन.

तिसरा प्रकार बनावट अँटीव्हायरसचा. तो प्रोग्राम म्हणून खरोखर संगणकावर असतो, क्षणार्धात शेकडो धोके सापडल्याचे दाखवतो आणि ते काढण्यासाठी पैसे मागतो किंवा एखाद्या क्रमांकावर फोन करायला सांगतो. त्या क्रमांकावर फोन करू नये आणि कार्डाचे तपशील देऊ नयेत. विंडोज सिक्युरिटीमधील ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ हा, विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचा, पर्याय असतो. तो निवडल्यावर संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच, सुमारे १५ मिनिटांत, तपासणी होते. त्यामुळे बनावट प्रोग्रामला लपायला वाव मिळत नाही.

काढण्यापूर्वीची तयारी

वर्गणी भरलेली असेल तर प्रोग्राम काढल्याने ती रद्द होत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरील आपल्या खात्यात जाऊन स्वयंचलित नूतनीकरण बंद करावे, नाही तर मुदत संपताच कार्डावरून पुन्हा पैसे वळते होतात. त्याच अँटीव्हायरससोबत आलेल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये पासवर्ड साठवलेले असतील किंवा त्याच्या सुरक्षित तिजोरीत कागदपत्रे ठेवलेली असतील, तर ती आधी बाहेर काढून घ्यावीत. ‘क्वारंटाइन’मध्ये (संशयित फाइल वेगळ्या ठेवण्याच्या जागेत) अडकवलेल्या फाइल मात्र ज्या खात्रीने आपल्याच आहेत आणि निर्दोष आहेत तेवढ्याच परत घ्याव्यात, बाकीच्या जाऊ द्याव्यात.

यानंतर ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधून सिस्टिम रिस्टोअर बिंदू (बिघाड झाल्यास विंडोजला आधीच्या स्थितीत नेणारी नोंद) तयार करावा आणि कंपनीचे काढणी-साधन, म्हणजे तिचा अँटीव्हायरस पूर्णपणे काढण्यासाठी तिनेच दिलेला छोटा प्रोग्राम, आधीच डाउनलोड करून ठेवावे, कारण काढताना इंटरनेट गेले तर ते मिळवणे अवघड होते. हे साधन केवळ त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. शोधयंत्रात वरच्या बाजूला दिसणाऱ्या जाहिराती पुष्कळदा भलत्याच प्रोग्रामकडे नेतात.

एक गोष्ट बहुतेक मार्गदर्शनांत सुटते, म्हणून ती येथे ठळकपणे मांडतो. अनेक नव्या संगणकांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्याबरोबर डिस्कचे कूटबद्धीकरण (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात माहिती साठवणे) आपोआप सुरू झालेले असते. पुढे सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी भागांनिशी सुरू करण्याच्या पद्धतीत) जाण्याची वेळ आली तर असा संगणक ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की, म्हणजे ती डिस्क उघडणारी किल्ली, मागू शकतो. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली आहे का ते पाहून कागदावर उतरवून ठेवावी. खात्याचा पासवर्डही आठवत असावा, कारण सेफ मोडमध्ये काही संगणकांवर पिन चालत नाही.

नेहमीच्या मार्गाने काढणे

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अधिकार असलेल्या खात्याने प्रवेश करून सर्व उघडे प्रोग्राम बंद करावेत. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘अ‍ॅप्स’ आणि ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ येथे जावे. विंडोज १० मध्ये याच यादीचे नाव ‘अ‍ॅप्स अँड फीचर्स’ आहे. जुन्या पद्धतीचा कंट्रोल पॅनेलमधील ‘प्रोग्राम्स अँड फीचर्स’ हा मार्गही चालतो. यादीत अँटीव्हायरसचे नाव शोधून ‘अनइन्स्टॉल’ निवडावे आणि विंडोजने परवानगी विचारल्यावर ती द्यावी.

त्यानंतर कंपनीची स्वतःची खिडकी उघडते आणि येथे सावकाश वाचणे महत्त्वाचे असते. प्रोग्राम ठेवून घेण्याचे बटण मोठे व रंगीत असते आणि काढण्याचा पर्याय फिकट अक्षरांत, एका बाजूला. सवलत देऊ केली जाते, दुरुस्ती सुचवली जाते, कारण विचारले जाते. प्रत्येक टप्प्यावर काढण्याचाच पर्याय निवडावा आणि सेटिंग्ज व उर्वरित फाइल ठेवायच्या का असे विचारल्यास त्याही काढून टाकाव्यात. ‘प्रवेश नाकारला’ असा संदेश आला, तर अँटीव्हायरसच्या सेटिंग्जमध्ये ‘सेल्फ डिफेन्स’ किंवा ‘सेल्फ प्रोटेक्शन’ नावाचा पर्याय बंद करून पुन्हा प्रयत्न करावा. सेटिंग्जवर पासवर्ड लावलेला असेल, तर येथे तो लागतो.

मुख्य प्रोग्राम निघाला तरी यादी पुन्हा एकदा पाहावी. सुरक्षित ब्राउझर, व्हीपीएन, संगणक ‘स्वच्छ’ करणारे साधन अशी त्याच कंपनीची भावंडे स्वतंत्र नावांनी बसलेली असतात. मॅकअ‍ॅफीचे ‘वेबअ‍ॅडव्हायझर’ हे त्याचे परिचित उदाहरण आहे. तीही एकेक करून काढावीत.

मग संगणक ‘रिस्टार्ट’ करावा. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणे म्हणजे तेच, असे वाटते, पण तसे नाही. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर बंद करताना प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. त्यामुळे काढलेला ड्रायव्हर मेमरीत तसाच राहू शकतो. रिस्टार्टमध्ये मात्र सर्व काही नव्याने सुरू होते.

निघत नसेल तर

नेहमीचा मार्ग मध्येच अडला, यादीतील नाव दाबूनही काही घडले नाही किंवा काढल्यावरही अवशेष उरले, तर कंपनीचे काढणी-साधन वापरावे. मॅकअ‍ॅफीचे साधन ‘एमसीपीआर’ या नावाने ओळखले जाते, अवास्टचे ‘अवास्ट क्लिअर’, एव्हीजीचे ‘एव्हीजी क्लिअर’, कॅस्परस्कीचे ‘केएव्हीरिमूव्हर’. ईसेट आणि बिटडिफेंडर यांचीही अशी साधने आहेत. नॉर्टनच्या साधनाचे नावच ‘रिमूव्ह अँड रीइन्स्टॉल’ आहे, म्हणजे ते काढून पुन्हा घालते; म्हणून त्यातील प्रगत पर्यायांत जाऊन ‘रिमूव्ह ओन्ली’ निवडावे.

यांपैकी ईसेटचे साधन सेफ मोडमध्येच चालवायचे असते आणि अवास्टचे साधन स्वतःहून सेफ मोडमध्ये जाण्याचा पर्याय देते. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी आवश्यक तेवढेच ड्रायव्हर सुरू करते. अँटीव्हायरसचे स्वसंरक्षण त्या वेळी जागे नसते, म्हणून साधनाला आपले काम पूर्ण करता येते. तेथे पोहोचण्यासाठी शिफ्ट कळ दाबून धरून ‘रिस्टार्ट’ निवडावे, निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ आणि ‘रिस्टार्ट’ असा क्रम घ्यावा आणि मग ४ ही कळ दाबावी. काम झाल्यावर साधे रिस्टार्ट केले की संगणक नेहमीच्या स्थितीत येतो. सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलर ही सेवा सहसा चालत नाही, त्यामुळे तेथे ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’मधून काढण्याचा प्रयत्न फसला तर घाबरू नये, तेथे उपयोग कंपनीच्या साधनाचाच असतो.

रजिस्ट्री साफ करून देणाऱ्या प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नये. अँटीव्हायरसच्या फाइल वाचणाऱ्या ड्रायव्हरची नोंद विंडोजच्या इतर नोंदींमध्ये गुंतलेली असते आणि ती नेमकी कोणत्या क्रमाने सोडवायची, हे ज्या कंपनीने ती घातली तिलाच ठाऊक असते.

काढल्यानंतरची तपासणी

संगणक क्षणभरही उघडा राहू नये, हे या सगळ्या कामाचे मुख्य पथ्य आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून विंडोजमध्ये स्वतःचा अँटीव्हायरस अंगभूत आहे. दुसरा अँटीव्हायरस आला की तो बाजूला होतो आणि दुसरा निघाला की पुन्हा सूत्रे हाती घेतो. तरीही हे गृहीत न धरता विंडोज सिक्युरिटी उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ येथे मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आणि त्याचे ‘रिअल टाइम प्रोटेक्शन’ चालू असल्याची खात्री करावी, अद्यतने घ्यावीत आणि एक जलद तपासणी चालवावी. तेथे अजूनही जुन्याच अँटीव्हायरसचे नाव दिसत असेल, तर अवशेष उरले आहेत असे समजून काढणी-साधन पुन्हा चालवावे. काही अँटीव्हायरस फायरवॉलचे कामही स्वतःकडे घेतात, म्हणून विंडोजचे फायरवॉल डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक या ३ही ठिकाणी चालू आहे का, तेही पाहावे.

विंडोज ७ वापरणाऱ्यांनी येथे थांबून विचार करावा. त्यातील विंडोज डिफेंडर केवळ स्पायवेअरपुरता होता, त्यामुळे तेथे अँटीव्हायरस काढला तर त्याची जागा आपोआप कोणी घेत नाही. अँटीव्हायरस बदलायचा असेल, तर नव्याचा इन्स्टॉलर आधी डाउनलोड करून ठेवावा, जुना काढावा, रिस्टार्ट करावे आणि मगच नवा घालावा.

काढल्यावर इंटरनेट चालत नसेल, तर नेटवर्कच्या वाटेवर बसलेला जुना ड्रायव्हर हे संभाव्य कारण असते. आधी काढणी-साधन चालवावे. तरीही फरक पडला नाही, तर सेटिंग्जमधील ‘नेटवर्क रीसेट’ वापरावे, मात्र त्याने साठवलेले वाय-फायचे पासवर्ड पुसले जातात. ब्राउझरमधील विस्तार आणि बदललेले शोधयंत्र हेही हाताने पूर्ववत करावे लागते. रिकामा फोल्डर उरला असेल तर तो रिस्टार्टनंतर खुशाल डिलीट करावा; न केल्यासही काही बिघडत नाही.

मॅकवर अ‍ॅप ट्रॅशमध्ये ओढून टाकणे पुरेसे नसते, कारण अँटीव्हायरसचा सिस्टिम विस्तार आणि पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवा स्वतंत्र ठिकाणी असतात. तेथेही कंपनीने दिलेला अनइन्स्टॉलर वापरावा आणि नंतर सिस्टिम सेटिंग्जमधील लॉगिन आयटम्सच्या यादीत त्याचे नाव उरले नाही ना, हे पाहावे.

काढलेला अँटीव्हायरस काही दिवसांनी पुन्हा दिसू लागला, तर तो स्वतःहून परतलेला नसतो. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने किंवा त्याच्या अद्यतनाने तो आणलेला असतो. ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ची यादी तारखेनुसार लावून त्याच दिवशी आणखी काय आले, ते पाहिले की आणणारा बहुधा सापडतो. यापुढे कोणताही मोफत प्रोग्राम घालताना ‘कस्टम’ पर्याय निवडून सोबतच्या प्रोग्रामांच्या चौकटींवरील खुणा काढून टाकाव्यात.