गणपतीत टीव्हीवर लग्नाची कॅसेट लावायचीय? मग ही तयारी मुंबईतच करून निघा

गेल्या गणपतीत आमच्या देवगडच्या घरी जो पचका झाला तो परत नको म्हणून यावेळी मी जून महिन्यातच यादी काढायला घेतली. झालं असं की काकांच्या लग्नाची १९९५ची व्हीएचएस कॅसेट एका स्टुडिओतून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती आणि ती हार्डडिस्कवर घालून मी मोठ्या ऐटीत गावी गेलो. भजन संपलं, उसळपाव नि चहा वाटून झाला, माजघरात पंचवीस-तीस माणसं मांडी घालून बसली, नवीन ४३ इंची टीव्हीला हार्डडिस्क लावली, फाइलचं नाव दिसलं, ओके दाबलं आणि टीव्हीने सरळ सांगितलं की ही फाइल चालत नाही. मग पोरांनी त्याच डिस्कवरचा कुठलातरी पिक्चर लावला तर माणसं तोंडं हलवतायत आणि आवाजच नाही. तात्या खुर्चीतनं ओरडले, "अरे, आवाज खंय गेलो?" आणि तेवढ्यात लाइट गेली, म्हणजे तोही प्रश्न मिटला.

तर पहिली गोष्ट, आपल्या कॉम्प्युटरवर फाइल मस्त चालते याला टीव्हीच्या दृष्टीने काडीची किंमत नाही. कॉम्प्युटरवर आपण व्हीएलसी नावाचं व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं, त्याला जगातलं जवळपास सगळं उलगडता येतं, पण टीव्हीच्या आत जी चिप बसवलेली असते तिला कारखान्यात जे शिकवलं तेवढंच येतं आणि नंतर त्यात भर घालायची सोय साध्या टीव्हीत नसते. म्हणून कामाची सुरुवात टीव्हीपासून करायची, फाइलपासून नाही. गावी जो कोणी असेल त्याला (आमच्याकडे वहिनी, कारण दादाला सांगितलं तर तो रिमोटचा फोटो पाठवतो) फोन करून टीव्हीच्या पाठीमागच्या लेबलचा आणि सगळ्या खाचांचा फोटो मागवायचा. त्यावरून मॉडेल नंबर कळतो, एचडीएमआय किती आहेत, यूएसबी किती आहेत ते कळतं, आणि मॉडेल नंबर टाकून कंपनीचं मॅन्युअल उतरवलं की त्यात शेवटी एक कंटाळवाणा तक्ता असतो, कुठले व्हिडिओ चालतात नि कुठले आवाज चालतात. तो तक्ता मोबाइलमध्ये ठेवायचा. गावात नेटची एक काडी यायला विहिरीपाशी जावं लागतं, तिथे जाऊन मॅन्युअल शोधायची हौस नको.

मग आपल्या फाइलीत काय आहे ते बघायचं. इथे लोक कायम फसतात, फाइलच्या नावाच्या शेवटी एमपी४ आहे की एमकेव्ही आहे की एव्हीआय आहे ते बघतात आणि ठरवतात. ते नुसतं डब्याचं नाव झालं हो, डबा स्टीलचा आहे म्हणून आत भेंडीच असेल असं थोडीच आहे. आतली भाजी बघायची असेल तर व्हीएलसीत फाइल लावून कंट्रोल आणि जे दाबायचं, कोडेकची, म्हणजे चित्र नि आवाज कुठल्या पद्धतीने दाबून भरलाय त्याची, माहिती समोर येते. वर व्हिडिओचं असतं, खाली ऑडिओचं. व्हिडिओला एच.२६४ आणि ऑडिओला एएसी किंवा एमपी३ दिसलं तर सुटलात, हे गेल्या दहाएक वर्षातला बहुतेक कुठलाही टीव्ही चालवतो. एच.२६५ म्हणजे एचईव्हीसी दिसलं तर फोरके टीव्हीवर बहुधा चालेल, जुन्या फुल एचडीवर भरवसा नाही. ऑडिओला डीटीएस दिसलं की सावध व्हायचं, बरेच टीव्ही हा आवाज वाजवत नाहीत आणि आमच्या मुक्या पिक्चरचं कारण तेच निघालं. आणि कॅसेटची फाइल का चालली नाही, तर स्टुडिओवाल्याने डीव्ही प्रकारात दिली होती, म्हणजे कॅमेऱ्याच्या छोट्या टेपवर जसं रेकॉर्डिंग व्हायचं तसं. एका तासाला साधारण १३ जीबी. तीन तासांचं लग्न, जवळजवळ ४० जीबीची फाइल! क्वालिटी म्हणून हे उत्तमच आहे, मूळ प्रत म्हणून जपून ठेवावी अशीच, फक्त टीव्हीला ती भाषा येत नाही आणि हे कोणीतरी आम्हाला सांगायला हवं होतं.

रूपांतर करायला हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, तेच वापरायचं, भलत्या साइटवर फाइल चढवत बसायचं नाही. कॅसेटवरचं चित्र आपल्याकडच्या पाल पद्धतीचं, उभं ५७६ रेघांचं आणि सेकंदाला २५ फ्रेमचं असतं, त्यामुळे उगाच १०८०पी निवडून काही फरक पडत नाही, फाइल फुगते फक्त. ५७६पी २५चा तयार प्रीसेट त्यात मिळतो तो घ्यायचा. एकच गोष्ट नीट बघायची, ती म्हणजे डीइंटरलेस. जुन्या व्हिडिओत एक फ्रेम दोन अर्ध्या-अर्ध्या हप्त्यात असते, एकदा विषम रेघा, एकदा सम, म्हणून नवरी मान वळवते तेव्हा तिच्या नथीला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा फुटतात. फिल्टरच्या टॅबमध्ये डीइंटरलेस चालू केलं की त्या जातात. आधी पूर्ण तीन तासांचं लावून झोपायला जायचं नाही, एक मिनिटाचा तुकडा काढून बघायचा. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा खर्चायचा ते, २ मेगाबिटच्या आसपास ठेवला तर तासाला ९०० एमबी होतात, म्हणजे अख्खं लग्न पावणेतीन जीबीच्या आसपास बसतं. कॅसेटच्या चित्राला एवढं पुरतं, माझ्या मते तरी.

आणि चौकट! जुना व्हिडिओ ४:३ असतो, टीव्ही १६:९. टीव्हीला मोकळं सोडलं तर तो चित्र आडवं ताणून पडदा भरतो आणि सगळं वऱ्हाड जाड दिसतं. काकी म्हणजे त्या लग्नातली नवरी, तिने हे नुसतं ऐकलं तरी ती उठून स्वयंपाकघरात जाईल. डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या पाहिजेत, तेच बरोबर आहे. बघणारा कोणीतरी म्हणतोच की पडदा पूर्ण भरत नाहीये, त्याला काहीतरी खायला द्यायचं.

ज्यांच्याकडे लग्नाची डीव्हीडी आहे त्यांनी ती लॅपटॉपमध्ये घालून बघा, व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरमध्ये एक-एक जीबीच्या व्हीओबी फाइली असतात. त्या तशाच पेनड्राइव्हवर टाकल्या तर काही टीव्हीवर चालतात पण दर जीबीला अंतरपाटासारखा मध्येच पडदा पडतो, त्यापेक्षा डीव्हीडीचं अख्खं फोल्डर हँडब्रेकला द्यायचं, तो सलग एक फाइल करून देतो. मोबाइलवरच्या व्हिडिओंचं वेगळंच. भावंडांकडून मागवताना व्हॉट्सॲपवर साधं पाठवू नका म्हणून बजावायचं, ते दाबून दाबून पार धुरकट होतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर २ जीबीपर्यंत जसंच्या तसं येतं. शिवाय उभे शूटिंग केलेले व्हिडिओ काही टीव्हींवर आडवे पडतात, कारण फोन नुसती खूण करून ठेवतो की हे फिरवून दाखवा आणि टीव्ही ती खूण वाचत नाही. तेही हँडब्रेकमधून काढले की सरळ होतात. एखाद्या फाइलीत व्हिडिओ एच.२६४च आहे आणि फक्त आवाज नडतोय असं असेल तर सगळं पुन्हा शिजवायची गरज नाही, एव्हिडेमक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओला कॉपी, ऑडिओला एएसी आणि डबा एमपी४ निवडायचा, काही मिनिटांत काम होतं.

आता माझा स्वतःचा एक हट्ट. त्या व्हिडिओतली निम्मी माणसं आता नाहीत आणि पोरांना कोण कुठले काही माहीत नाही, म्हणून मी सबटायटलची एसआरटी फाइल बनवली, नोटपॅडमध्येच, त्यात संवाद नाहीत, नुसती नावं. पाच मिनिटं वीस सेकंदांना फेटा बांधलेले ते थोरले आजोबा, सहाव्या मिनिटाला पंगतीत वाढणारी हसरी बाई ती कणकवलीची आत्या. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडायचं, म्हणजे मराठी अक्षरं टिकतात, आणि नाव व्हिडिओसारखंच द्यायचं, म्हणजे टीव्ही आपोआप उचलतो. पण मराठीचं टीव्हीवर काय होतं ते इथल्या टीव्हीवर बघून घेतलं ते बरं झालं, जोडाक्षरं फुटली, वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटल्या, लक्ष्मीआत्याचं पार लक् ष मी झालं. मग हँडब्रेकमध्ये सबटायटल चित्रातच छापून टाकायचा पर्याय आहे, बर्न इन म्हणतात, तो घेतला. अशा वेळी मूळ फाइल वेगळी राहू द्यायची, कारण एकदा छापलेलं पुसता येत नाही आणि नावात चूक निघाली तर आत्या तुम्हाला पुढची वीस वर्षं ऐकवणार.

पेनड्राइव्ह ३२ जीबीचा घ्यायचा आणि एफएटी३२मध्ये फॉरमॅट करायचा (आतलं आधी दुसरीकडे कॉपी करून, सांगायची गरज नाही पण सांगतो). पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या या वेगवेगळ्या पद्धती, त्यातल्या एनटीएफएस, एक्सफॅट बऱ्याच नव्या टीव्हींना कळतात, एफएटी३२ मात्र सगळ्यांनाच कळतं. त्याची अट एवढीच की एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, कॉपी करताना विंडोज म्हणतं फाइल फार मोठी आहे आणि माणूस म्हणतो जागा तर आहे की, तिथे हेच कारण असतं. तसंही मी तीन तास सलग ठेवलेच नाहीत, अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे केले, ०१ पुण्याहवाचन, ०२ सीमांतपूजन असं. नावं इंग्रजी अक्षरात आणि आधी दोन आकडी नंबर, कारण टीव्ही नावाच्या क्रमाने लावतो, नुसतं १, २, १० लिहिलं की १ नंतर १० येतो आणि लग्न लागायच्या आधीच वरात घरी पोचते. तुकड्यांचा दुसरा फायदा, लाइट गेली आणि परत आली की सगळं पहिल्यापासून पळवत बसावं लागत नाही. मॅकवाल्यांनी फाइली टाकल्या असतील तर टीव्हीवर एकेक नाव दोनदा दिसतं, त्यातलं टिंब आणि खालची रेघ लावलेलं चालत नाही, ते काढून टाकायचं. आणि सगळं तसंच्या तसं दुसऱ्या पेनड्राइव्हवरही टाकायचं, तो दुसऱ्याच्या बॅगेत, माझ्या बॅगेत नाही.

हार्डडिस्क टीव्हीला लावायचं टाळलेलंच बरं. टीव्हीच्या साध्या यूएसबीतून ५०० मिलिअँपिअर करंट मिळतो, डिस्कला फिरायला कमी पडला की ती टिक टिक करत बसते आणि दिसतच नाही. फोनवरून बिनवायरचं पाठवायच्या नादाला तर गावी लागूच नये, कास्टला एक वायफाय लागतं, मग कोणाचातरी हॉटस्पॉट, मग ज्याचा हॉटस्पॉट तोच फोन घेऊन अंगणात बोलायला जातो.

दुसरा मार्ग म्हणून लॅपटॉप आणि पाच मीटरची एचडीएमआय केबल, कारण टीव्ही माजघरात भिंतीवर आणि प्लग खिडकीपाशी. लॅपटॉपला मोठं एचडीएमआय आहे का बघायचं, नुसती टाइप-सी खाच असेल तर तिच्यातून चित्र बाहेर येतंच असं नाही, अडॅप्टर घेऊन घरीच लावून बघायचं. जुना लॅपटॉप असेल आणि निळ्या व्हीजीए केबलने जोडणार असाल तर त्यातून आवाज जात नाही, वेगळी ऑडिओ वायर लागेल. जोडणी दोन्हीचे स्विच बंद ठेवून करायची, जुन्या घरात अर्थिंगचं काय असतं ते देवच जाणे. मग विंडोजचं बटण आणि पी, त्यात डुप्लिकेट. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरवर क्लिक करून यादीतून टीव्ही निवडायचा, नव्वद टक्के आरडाओरडा इथेच थांबतो. चित्राच्या कडा कापल्या गेल्या तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट असं काहीतरी असतं ते लावायचं. स्लीप बंद, नोटिफिकेशन बंद, विशेषतः ऑफिसचा लॅपटॉप असेल तर, कारण मंगलाष्टकं चालू असताना मॅनेजरचा मेसेज वर आलेला मी पाहिलाय, माझाच होता.

गावी पोचल्यावर पहिल्याच दिवशी दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना, त्याच टीव्हीवर प्रत्येक फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी दहा-दहा सेकंद बघून घ्यायची, आवाजासकट. इन्व्हर्टरवर टीव्हीचा प्लग आहे का तेही तेव्हाच विचारायचं, ४३ इंची एलईडी साधारण ७० ते १०० वॅट खातो, तेवढ्यासाठी एखादा पंखा बंद करायची बोलणी आधीच झालेली बरी. मखरावरच्या लायटिंगची एक्स्टेन्शन कोणी काढायची नाही. आणि रिमोटचे सेल, दोन, पेन्सिलवाले, कारण गावातले सेल कायम भिंतीवरच्या घड्याळातून काढलेले असतात.