हिवाळ्यात होमबिल्ट विमान घेऊन लांब निघताय? या चुका टाळा

हिवाळा लागला की छोटं विमान उडवणाऱ्या सगळ्यांचं एकच सुरू होतं, हवा गार आहे, इंजिन मस्त ओढतंय, पावसाचं टेन्शन नाही, चला आता लांब कुठेतरी जाऊ. बरोबरच आहे, आपल्याकडे उडायला हाच सीझन चांगला. पण लांबच्या क्रॉस-कंट्रीत, म्हणजे एका गावाहून दूरच्या दुसऱ्या गावी उडत जाण्यात, गडबड होते ती थंडीने कमी आणि उशिराने जास्त. सकाळी धुक्याने दोन तास खाल्ले की माणूस ते दोन तास इकडून तिकडून वसूल करायला बघतो, वॉर्म-अप उरकतो, टाकीचं ड्रेन (तळाचं थोडं पेट्रोल काढून पाणी आहे का ते) बघायचं सोडतो, पेट्रोलचा हिशोब "होईल की" म्हणून पुढे ढकलतो आणि दुपारनंतर ते सगळं एकदम अंगावर येतं.

एकच उदाहरण धरू म्हणजे आकडे डोक्यात राहतील. दोन सीटचं होमबिल्ट (हौशी माणसाने स्वतः जुळवलेलं विमान), रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन, क्रूझ म्हणजे सरळ उडतानाचा वेग ९० नॉट (ताशी ९० नॉटिकल मैल), टाकी ७५ लिटरची, बारामती ते नागपूर. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे पुणेकरांना अशा विमानाने निघायला बारामती जास्त सोयीची. अंतर सरळ रेषेत साधारण ३०० नॉटिकल मैल.

पेट्रोलचा हिशोब वारा सोडून करणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यापासूनच सुरुवात. वारा शून्य धरला तर ३ तास २० मिनिटं, ताशी १८ लिटरने ६० लिटर, वर अर्ध्या तासाचा रिझर्व्ह ९ लिटर, म्हणजे ६९. टाकी ७५ ची, वाटतं की आरामात बसलं. पण हिवाळ्यात खालच्या थरात आपल्याकडे वारा बऱ्याचदा ईशान्येकडून असतो आणि नागपूरची दिशाही ईशान्यच, म्हणजे वारा सरळ तोंडावर. १५ नॉट हेडविंड (समोरचा वारा) धरा, ग्राउंडस्पीड म्हणजे जमिनीच्या हिशोबाने वेग ७५, वेळ ४ तास, पेट्रोल ७२ आणि रिझर्व्ह मिळून ८१ लिटर. टाकीत मावतच नाही! म्हणजे मधे उतरणं ही मर्जीची गोष्ट नाहीये, तो प्लॅनचाच भाग आहे. नांदेड किंवा यवतमाळ, जिथे उतरायचं तिथली परवानगी आणि पेट्रोलची सोय आदल्या दिवशी फोन करून पक्की करा, धावपट्टी नकाशात दिसते म्हणून तिथे पेट्रोल मिळेलच असं नाही.

आणि निर्णयाची जागा आधीच ठरवून ठेवा. हा रूट साधारण हिंगोलीच्या जवळून जातो, तिथे पोचल्यावर घड्याळ आणि फ्युएल गेज बघायचं, ठरवलेल्या आकड्यापेक्षा कमी असेल तर पुढे ओढायचं नाही. होमबिल्टची गेजेस आपणच बसवलेली असतात, त्यांचं कॅलिब्रेशन लिटर लिटर ओतून केलं नसेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका, वेळेवर ठेवा.

धुकं गेलं म्हणजे व्हिजिबिलिटी आली असं समजणं

बारामतीच्या आजूबाजूला सगळा उसाचा बागायती पट्टा, कालवे, रात्री आकाश मोकळं आणि वारा पडलेला, म्हणजे सकाळी धुकं धरणारच. ते नऊ-साडेनऊला उठतं, डोक्यावर निळं आकाश दिसतं आणि सगळ्यांची निघायची घाई होते. पण इन्व्हर्जनचं, म्हणजे गार हवेवर बसलेल्या गरम हवेच्या थराचं, झाकण अजून तसंच असतं, खाली धूर, धूळ, ओलावा अडकलेला, उसाचं पाचट जाळत असतील तर विचारूच नका. वरून सरळ खाली बघितलं तर शेतं स्वच्छ दिसतात, समोर मात्र काहीच नाही, त्यात सकाळी पूर्वेकडे जाताना सूर्य डोळ्यात, हॉरायझन गायब. व्हीएफआरला (डोळ्यांनी बाहेर बघत उडण्याच्या नियमांना) ५ किलोमीटर व्हिजिबिलिटी लागते, ती समोरची, खालची नाही. रनवेवरून ओळखीच्या अंतरावरची पाण्याची टाकी, टॉवर, चिमणी अशा दोन-तीन खुणा ठरवून ठेवा, त्या दिसेपर्यंत निघायचं नाही.

अजून एक, या दिशेला निघाल्यावर वीसेक किलोमीटरवरच भिगवण येतं, उजनी धरणाचं बॅकवॉटर. हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो आणि इतर स्थलांतरित पक्ष्यांचे थवेच्या थवे असतात आणि आपण तेव्हा अजून क्लाइंबमधेच असतो. फोटोसाठी खाली राहण्याचा मोह टाळा, उंची मिळेपर्यंत पाणी बाजूला ठेवून वळसा घ्या. पक्ष्यांनाही त्रास नको आणि प्रॉपलाही.

इंजिन घाईत गरम करणं, आणि टेप लावून विसरणं

रोटॅक्सला टेकऑफच्या आधी ऑइल किमान ५० डिग्री लागतं. सुरू केल्यावर २००० आरपीएमवर साधारण दोन मिनिटं, मग २५०० वर, काटा ५० ला येईपर्यंत. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी १०-१२ डिग्री असताना याला वेळ लागतो, तो द्यायचा. त्याआधी इग्निशन ऑफ असल्याची खात्री करून प्रॉप (पंखा) हाताने फिरवत राहायचं, ऑइलच्या टाकीत गुडगुड आवाज येईपर्यंत, आणि मगच डिपस्टिक बघायची, ड्राय संप आहे, म्हणजे ऑइल इंजिनखाली नाही तर वेगळ्या टाकीत असतं, नाहीतर लेव्हल खोटी दिसते. प्रॉप उलटा अजिबात फिरवू नका.

स्टार्टर फिरतोय पण इंजिन पकडत नाहीये? आधी बॅटरी बघा. ९१२ ची इग्निशन साधारण २२० आरपीएमच्या खाली ठिणगीच देत नाही, म्हणजे हळू क्रँक करत बसलं तर बॅटरी तेवढी संपते. लिथियम बॅटरी असेल तर एखादा मिनिट लँडिंग लाइट लावून ठेवा, ती थोडी गरम होते आणि मग चांगली ओढते.

दुसरा त्रास, क्रूझमधे ऑइल ७५-८० च्या वर जातच नाही. हे नुसतं सोडून देऊ नका, ऑइल १०० च्या आसपास पोचलं नाही तर त्यातलं पाणी उडत नाही आणि आतून गंज धरतो. त्यावर सगळे ऑइल कूलरच्या थोड्या भागाला ॲल्युमिनियम टेप मारतात. परदेशातल्या थंडीसाठी हे ठीक आहे, दिवसभर तिथे थंडीच असते. आपल्याकडे सकाळी १२ आणि दुपारी ३०! सकाळच्या हिशोबाने मारलेली टेप दुपारी मधल्या स्टॉपवरून परत क्लाइंब करताना ऑइल १३० च्या लिमिटकडे नेते. सरळ ऑइल थर्मोस्टॅट बसवा, टेपच लावायची असेल तर थोडीच, आणि स्टॉपवर काढायची हे चेकलिस्टमधे लिहून ठेवा.

आरपीएम हळूहळू उतरतायत?

फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणारा) प्रॉप असेल आणि थ्रॉटलला हात न लावता आरपीएम कमी होत असतील तर आधी कार्ब आइसिंगच, म्हणजे कार्ब्युरेटरमधे बर्फ धरणं, समजा. "आपल्याकडे कुठला बर्फ" हे डोक्यातून काढून टाका, पेट्रोलचं बाष्पीभवन आणि व्हेंचुरीतला (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातला) कमी दाब मिळून कार्ब्युरेटरच्या आतलं तापमान २० डिग्री किंवा जास्तही खाली जाऊ शकतं, म्हणजे बाहेर १५ डिग्री आणि दमट हवा असली तरी आत बर्फ धरतो. वर साडेसात हजार फुटांवर हवा बऱ्याचदा कोरडी असते, धोका जास्त खालच्या दमट थरात, आणि उतरताना थ्रॉटल बंद असताना तर सगळ्यात जास्त. उपाय म्हणजे कार्ब हीट, कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय, पूर्ण ऑन. त्यानंतर इंजिन आधी अजून खडखडेल, कारण वितळलेलं पाणी आत जातंय, इथेच लोक घाबरून हीट बंद करतात. करू नका, चालू ठेवा, साफ होईल. काउलच्या आतली गरम हवा घेणाऱ्या रोटॅक्सला त्रास कमी, पण एअरबॉक्सने बाहेरची गार हवा घेत असाल तर हीटची सोय हवीच.

पंपावरचं पेट्रोल

आता पंपावर साधं म्हणून जे मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं, आणि रोटॅक्स ९१२ ला चालतं ते ई१० पर्यंतच. इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि रात्री गारठा वाढला की ते पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, म्हणून सकाळी ड्रेन बघणं सोडायचं नाही. काही फायबर टाक्यांना आणि सीलंटलाही इथेनॉल मानवत नाही. टेस्ट सोपी आहे, मापाच्या नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घाला, हलवा, थांबा. पाण्याची रेषा २८ च्या आसपास गेली तर ई२० आहे, विमानात घालू नका. ॲव्हगॅस (विमानाचं खास पेट्रोल) वापरत असाल तर त्यात शिसं असतं, ऑइल लवकर बदलावं लागतं हे धरून चाला.

दव, हीटर, कपडे

पंखांवर दव असेल तर कापडाने पूर्ण पुसा, पिटो आणि स्टॅटिकची (वेग आणि उंची मोजायला हवा घेणारी) भोकंही बघा. लाँग-ईझीसारख्या कनार्ड (पुढेही छोटा पंख असलेल्या) विमानांच्या जुन्या डिझाइनमधे पुढच्या पंखावर पाण्याचे थेंब असले तरी लिफ्ट कमी व्हायची, म्हणजे हे साधं पाणी नुसतंच पाणी नसतं.

एक्झॉस्टवरून गरम हवा घेणारा हीटर असेल तर इलेक्ट्रॉनिक कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर घेतल्याशिवाय निघू नका, प्लीज. वास येत नाही, डोकं दुखतं, आणि माणूस म्हणतो सकाळी नाश्ता केला नाही म्हणून असेल. डोकं दुखलं किंवा अलार्म वाजला की हीटर बंद, सगळे व्हेंट उघडे, जवळच्या धावपट्टीवर उतरायचं. त्यापेक्षा जाड मोजे आणि पातळ कपड्यांचे थर घाला, जाड जॅकेटची बाही स्टिकला अडकते.

सूर्य नागपुरात आधी मावळतो

डिसेंबरात नागपूरचा सूर्यास्त पुण्याच्या साधारण २५ मिनिटं आधी असतो, साडेपाचच्या आसपास. आता जोडून बघा, धुक्यामुळे पावणेअकराला निघालात, ४ तास हवेत, स्टॉपवर पेट्रोल आणि फोनाफोनीत दोन तास, झाले पावणेपाच. हातात पाऊण तास, आणि व्हीएफआर म्हणजे दिवसाउजेडीच. म्हणून निघायची शेवटची वेळ आदल्या रात्री कागदावर लिहा, माझ्या मते या रूटला दहा. दहानंतर धुकं उठलं तर स्टॉपपर्यंतच जायचं आणि तिथेच मुक्काम. वेळ बदलली की फ्लाइट प्लॅन आणि एअर डिफेन्स क्लिअरन्सचंही (हवाई संरक्षणाच्या परवानगीचंही) परत विचारायचं, जुन्या क्लिअरन्स नंबरवर निघायचं नाही.

परत येताना तोच वारा पाठीशी, ग्राउंडस्पीड १०५, तीन तासांच्या आतच बारामती. सकाळी निघालात तर सूर्यही पाठीमागे. दुपारी निघालात तर शेवटचा तासभर सूर्य समोर आणि धूसर हवा, म्हणून येतानाही सकाळचीच वेळ धरा, फक्त बारामतीचं धुकं उठलंय का ते निघण्याआधी फोन करून विचारा.