व्हॅनिटीचा ड्रॉवर पूर्ण बंद होत नव्हता: माझा अनुभव

नूतनीकरणात बाथरूममध्ये नवी व्हॅनिटी (बेसिनखालचं कपाट) बसवली, पण वरचा ड्रॉवर 8 सेंमी बाहेरच राहायचा. चॅनल (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्या) दोनदा बसवून पाहिले, फरक नाही. ड्रॉवर मागे बॉटल ट्रॅपला (बेसिनखालचा, पाणी धरून वास अडवणारा बाटलीसारखा भाग) अडत होता, म्हणून ट्रॅपऐवजी लवचीक पाइप लावला, तर त्यात घाण साचून वास यायला लागला. फार वैताग आला होता.

जमलं ते असं. आधी बॉटल ट्रॅप परत लावला. ड्रॉवर अडेपर्यंत ढकलला, मागची फळी ट्रॅपला जिथे टेकते तिथे खूण केली, मग ड्रॉवर काढला. ट्रॅपच्या रुंदीत दोन्हीकडे 2 सेंमी वाढवून यू आकाराची खाच मागच्या फळीला आणि तळाला कापली; खोली 8 अधिक 2, म्हणजे 10 सेंमी. कापलेल्या कडांना सिलिकॉन लावलं (हे टाळू नका, ओल शिरली की बोर्ड फुगतो). सिलिकॉन सुकल्यावरच ड्रॉवर बसवला.

व्हॅनिटी अजून घ्यायची असेल, तर फरशी झाल्यावर जमिनीपासून आउटलेटची (भिंतीतल्या सांडपाण्याच्या पाइपच्या तोंडाची) उंची मोजा आणि मगच ड्रॉवरवाली की दाराची ते ठरवा.