पझेशन घ्यायच्या आधी फ्लॅट स्वतः मोजायचा असेल तर ही तयारी करून जा

सगळ्यात आधी अॅग्रीमेंट काढा आणि कार्पेट एरियाचा (घराच्या आतल्या वापरायच्या जागेचा) आकडा शोधा, ब्रोशरवरचा सेलेबल एरिया विसरून जा, तो कार्पेटवर जिना, लॉबी वगैरेंचा वाटा म्हणून काही टक्के चढवून काढतात, त्या टक्क्यांना लोडिंग म्हणतात. सेलेबल 1000 म्हटलं आणि लोडिंग 35 टक्के असलं तर आत 741 चौरस फूट मिळतात, 45 टक्के असलं तर 690, म्हणजे किचनएवढा फरक, आणि हे लोडिंग ज्या त्या बिल्डरने ठरवायचं असायचं. म्हणून तर 2016 च्या रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या) कायद्याने कार्पेटची एकच व्याख्या देशभर लावली, महाराष्ट्रात त्याचं प्राधिकरण, महारेरा, 1 मे 2017 पासून सुरू झालं. व्याख्या साधीये, घराच्या आतल्या पार्टिशन भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि ओपन टेरेस धरायचे नाहीत. रीसेलचा जुना फ्लॅट असेल तर मात्र जपून, मोफाच्या (महाराष्ट्राच्या रेराआधीच्या फ्लॅट कायद्याच्या) अॅग्रीमेंटमधल्या कार्पेटमध्ये बाल्कनी मिसळलेली असू शकते, तेव्हा जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवून भाव काढू नका, आधी बाल्कनी वेगळी करा.

अॅग्रीमेंटला जोडलेल्या फ्लोअर प्लॅनची मोठी झेरॉक्स घ्या, म्हणजे प्रत्येक खोलीत माप लिहायला जागा राहते. लेझर मीटर कोणाकडून मागून आणा, इलेक्ट्रिशियन किंवा इंटिरियरवाल्यांकडे असतं, आणि माप त्याच्या मागच्या टोकापासून धरतंय ना ते सेटिंग बघा, नाहीतर प्रत्येक मापात त्या यंत्राच्याच लांबीची चूक होते. सोबत स्टीलची टेप आणि एक माणूस पण हवा, एकट्याने टेप ताणून धरली की ती मधे झुकते.

माप जमिनीलगत घेऊ नका, तिथे स्कर्टिंग (भिंतीच्या खालची टाइलची पट्टी) असतं, तीन-साडेतीन फुटांवर घ्या, आणि प्रत्येक खोलीत लांबी दोन ठिकाणी कारण भिंती काटकोनात असतीलच असं नाही. बाथरूममध्ये टाइल्समुळे माप थोडं कमी येतं, त्यावरून लगेच भांडू नका, तिथे टाइल आहे असं कागदावर लिहून ठेवा. आतल्या भिंती विसरू नका हं, मी मावसभावाच्या फ्लॅटला नुसत्या खोल्यांची बेरीज केली, एरिया कमी आला, आम्ही दोघं रात्रभर हैराण! 4 इंची भिंत एकूण 24 मीटर भरली तर त्याच जवळजवळ 26 चौरस फूट होतात, आणि त्या मोजायच्याच आहेत.

सगळं मीटरमध्येच लिहा, अॅग्रीमेंटमध्ये पण चौरस मीटरच असतात, शेवटी चौरस फूट काढायला 10.764 ने गुणा. फुटात लिहायचंच असेल तर 10 फूट 6 इंच म्हणजे 10.5, कॅल्क्युलेटरवर 10.6 टाकलं की 14 फुटी खोलीत जवळजवळ दीड चौरस फूट हवेत वाढतात, ही चूक फार जण करतात.

आता एरियातल्या 3 टक्के फरकाच्या मर्यादेचं. बऱ्याच जणांना वाटतं (आणि साइट ऑफिसात सांगतात पण तसंच) की 3 टक्क्यांपर्यंत कमी भरलं तर काही मागता येत नाही, ते चूक आहे, रेराच्या मॉडेल अॅग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहिलंय की त्या मर्यादेतली घट असेल तरी जादा घेतलेले पैसे 45 दिवसांत व्याजासकट परत द्यायचे, आणि एरिया वाढला तर तुमच्याकडून त्याच दराने मागता येतात. 600 चौरस फुटांचे 3 टक्के म्हणजे 18, दर 9000 असेल तर 1,62,000 रुपये, एखाद्याच्या घरातलं सगळं फर्निचर होतं त्यात. तुमच्या अॅग्रीमेंटमध्ये ते कलम कसं लिहिलंय ते वाचून जा, त्या पानाला खूण करून ठेवा.

फरक खरंच मोठा निघाला तर तोंडी बोलत बसू नका, बाहेरच्या आर्किटेक्टकडून मोजणी करून सही-शिक्क्याचं पत्र घ्या आणि बिल्डरला ईमेल करा. पझेशन लेटरवर 'एरिया बरोबर मिळाला, तक्रार नाही' असं छापलेलं असतं कधीकधी, चावी हातात पडायच्या गडबडीत ते वाचायचं राहतं, म्हणून त्या लेटरची कॉपी दोन दिवस आधीच मागून घ्या.