काईट टिकत नाही म्हणता? मग या चुका टाळा

नोव्हेंबर लागला की गोव्यातल्या मोरजीला वारा धरायला लागतो आणि माझ्या फोनवर एकाच छापाचे फोटो येऊ लागतात. वाळूवर पसरलेली काईट (काईटसर्फिंगची, म्हणजे फळीवर उभं राहून पाण्यावरून जिच्याकडून ओढून घ्यायचं ती), शेजारी बॅग, खाली प्रश्न: "दादा, ही घेऊ का? दोनच सीझन वापरलीय." स्थळाच्या फोटोसारखी काईटही फोटोत कायम देखणीच असते. रंग झकास, कंपनी नावाजलेली, किंमत मोहात पाडणारी. आणि मार्चमध्ये त्याच माणसाचा दुसरा फोन येतो, "दादा, काईट खराब निघाली."

काईट सहसा खराब निघत नाही. आपण ती चुकीची घेतो, किंवा बरोबर घेऊन तिची वाट लावतो.

मी मूळचा येवल्याचा. त्यामुळे पतंग माझ्या रक्तात आहे असं लोक धरूनच चालतात. पण गच्चीवर आसारी (मांजाची फिरकी) धरणं वेगळं आणि 12 चौरस मीटरची काईट कमरेला अडकवून समुद्रात शिरणं वेगळं. पतंग फाटला की दुसरा काढता येतो. काईट किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर फाटली की आधी आपण परत यायचं असतं.

माप सोडून मॉडेलवर चर्चा

"स्विचब्लेड घेऊ की एक्सआर?" अशी मॉडेलची नावं घेऊन विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, तुझं वजन किती आणि उडवणार कुठे? बहुतेकांना वजन माहीत असतं. वाऱ्याचं उत्तर असतं, "गोव्यात चांगला वारा असतो ना?"

गोव्यात वारा गोड असतो, जोरदार नसतो. नोव्हेंबर ते एप्रिल, दुपारी एक-दीडनंतर वायव्येकडून येतो, बहुतेक दिवशी 10 ते 15 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किलोमीटर). याउलट श्रीलंकेत कल्पिटियाला मे ते ऑक्टोबर 20 नॉट ही रोजची गोष्ट, आणि रामेश्वरमचा उन्हाळी वाराही तसाच तगडा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 12 नॉटचा वारा 18 झाला तर ओढ दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. हे डोक्यात बसलं की मापाचा अर्धा घोळ सुटतो.

माझं वजन 75 किलो. मोरजीला माझी 12ची काईट निघते आणि कल्पिटियाला 9ची. "पहिलीच आहे, छोटी बरी" म्हणून 9 घेणारे मोरजीला अख्खा सीझन काईट हवेत ठेवण्याची कसरत करतात. ती पुनःपुन्हा पाण्यात पडते, लाटेत घुसळली जाते, आणि टिकाऊपणा तिथेच संपतो. एकाच काईटवर भागवायचं असेल तर जिथे वर्षातले जास्त दिवस घालवणार तिथल्या वाऱ्याची घ्या, सुट्टीत एकदा जाणार तिथली नको. आणि मित्राकडे 14 आहे म्हणून 14 घेण्याबद्दल मी काही बोलत नाही.

कापड न चाचपता सेकंडहँड घेणं

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ती मी स्वतः केली आहे.

काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी काईट शिकवणारं एक स्कूल सामान विकत होतं. सीझनअखेरीस सगळीच विकतात. 9ची काईट, एकाच सीझनची, नव्याच्या तिसऱ्या हिश्शात. ब्लॅडर (आतल्या हवेच्या पिशव्या) ठीक, व्हॉल्व्ह ठीक, एकही ठिगळ नाही. मी खूश. स्कूलची काईट म्हणजे काय, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. हौशी माणूस शनिवार-रविवार दोन-दोन तास उडवतो, म्हणजे पाच महिन्यांत 80 तास. स्कूलची काईट रोज पाच तास, कुणी उडवत नसेल तेव्हाही वाळूवर पंप करून उन्हात पसरलेली. 150 दिवसांचे 750 तास होतात. "एकच सीझन" हे दोघंही खरंच सांगतात.

जुलैत ती घेऊन कल्पिटियाला गेलो. तिसऱ्या दिवशी लगूनमध्ये उडी चुकली आणि काईट वरून सपाट पाण्यावर आदळली. तशी ती दिवसातून चारदा आदळते. या वेळी शिंप्याच्या दुकानात कापड फाडताना येतो तसा आवाज आला. दोन स्ट्रटच्या (कापडाला आधार देणाऱ्या हवेच्या नळ्यांच्या) मधलं कापड मागच्या कडेपासून लीडिंग एजपर्यंत (पुढच्या कडेच्या जाड, फुगवलेल्या नळीपर्यंत) उभं फाटलं, मग आडवं. लीडिंग एजमध्ये हवा होती, तिला मिठी मारून तासभर तरंगलो. शेवटी एका मच्छीमाराने होडीत घेतलं. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. त्याने कापडाची एक कड दोन बोटांत धरली, अंगठा दाबला आणि तो आरपार गेला. माझ्याकडे बघून तो हसला. जाळी आणि शिडं हाताळणाऱ्या माणसाला जे एका चिमटीत कळलं ते मला पैसे मोजताना कळलं नव्हतं. नंतर शिवणाऱ्यानेही हात वर केले. कुजलेल्या कापडात सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पुढच्या फाटण्याची सोय.

कॅनॉपीचं, म्हणजे काईटच्या पसरलेल्या कापडाचं, पॉलिएस्टर एका चौरस मीटरला जेमतेम 50-55 ग्रॅम असतं. बऱ्याच कंपन्या जपानच्या तेजिनचंच कापड वापरतात, त्यामुळे "या कंपनीचं कापड भारी" या वादात फारसा दम नाही. ऊन त्याला आतून खातं, आणि रंग तरी शाबूत दिसू शकतो. तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. आधी कापड कानाजवळ चुरगळतो. चांगलं कापड कोऱ्या नोटेसारखं कुरकुरतं, मेलेलं कापड धुऊन धुऊन मऊ पडलेल्या धोतरासारखं गप्प असतं. मग दोन स्ट्रटच्या मधोमध, मागच्या कडेजवळ, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणतो. विकणारा "अहो, जपून!" म्हणाला तर मी बॅग उचलून निघतो. शेवटी कापड सूर्याकडे धरून बघतो. टाचणीएवढे प्रकाशाचे ठिपके सुरूच्या काटेरी फळांची किंवा शिंपल्यांची खूण. ते चार-दोन असतील तर चालतात, चाळणी असेल तर नाही.

आणि काईट पंप करून रात्रभर घरात ठेवा. सकाळी घट्ट असेल तरच पैसे द्या. "रात्रभर कशाला, अर्ध्या तासात कळतं" म्हणणाऱ्याला बारीक गळती माहीत नाही, किंवा चांगलीच माहीत आहे.

लाइन्सचा दोष काईटच्या माथी

गेल्या सीझनला पुण्याचा एक मित्र कावून आला. "ही काईट बकवास आहे. वर चढवली की मागे सरकते आणि बदकन पडते. विकून टाकतो." नवा माणूस, तीन दिवसांत दोन यूट्यूब पंडितांचं ऐकून ब्रायडलची (काईटच्या पुढच्या कडेला बांधलेल्या दोऱ्यांची) गाठ हलवायच्या बेतात होता. मी म्हटलं, "अरे बाबा, आधी बार दे."

बार म्हणजे हातात धरायचा दांडा. त्याच्यापासून काईटपर्यंत जाणाऱ्या चारही लाइन्सची (दोऱ्यांची) टोकं सुरूच्या एका झाडाला अडकवली, बार पूर्ण आत ओढून धरला. मागच्या लाइन्स तणावात, पुढच्या दोन ढिल्या पडून झोका घेत होत्या. फरक सहज चार बोटांचा. पुढच्या लाइन्सवर काईटचा बहुतेक भार येतो, त्या वापराने ताणून लांब होतात. मग मागच्या आपोआप तोकड्या ठरतात. काईटला वाटतं तुम्ही बार कायम ओढून धरलाय. ती गुदमरते आणि मागे पडते. पतंगाची कन्नी चुकली की तो गोते खातो, त्यातलाच प्रकार. मागच्या पिगटेलवर (काईटला लावलेल्या गाठींच्या छोट्या दोरीवर) काईटपासून दूरच्या गाठीला लाइन लावली आणि तीच बकवास काईट डोक्यावर निवांत उभी राहिली. मित्राने विकायची जाहिरात काढून टाकली, मला एक सोलकढी पाजली.

मी महिन्यातून एकदा लाइन्स मोजतो. पाच मिनिटं लागतात. लोकांना ही पाच मिनिटं जड जातात, नवीन काईटसाठी कर्ज काढणं जड जात नाही.

याच ओघात आणखी एक. एका कंपनीची काईट आणि दुसरीचा बार जुळतीलच असं नाही. पुढच्या लाइन्सना कुठल्या उंचीवर फाटे फुटतात, कुठे गाठ आणि कुठे फासा, पाचवी लाइन आहे का, हे सगळं वेगळं असू शकतं. काईट जुनी घ्या हवं तर, बार नवा आणि त्याच कंपनीचा घ्या. अडचणीत काईट झटकन सोडून देण्याच्या यंत्रणेसाठी आयएसओ 21853 हे मानक 2020मध्ये आलं. त्याआधीच्या बारवर पैसे वाचवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

कमी हवा भरणं. हात दुखले की थांबतात लोक. मापानुसार 6 ते 8 पीएसआय, काईटवर छापलेलं असतं, वाचा. टिचकी मारल्यावर लीडिंग एज टणटणलं पाहिजे. मऊ काईट झटक्यात घडी घालते आणि दोष परत कंपनीला.

फडफडू देणं. चहा प्यायला गेलात आणि मागची कड वाऱ्यावर तासभर फडफडतेय, तर तो तास उडवण्याच्या तासापेक्षा महाग. हवा काढा, गुंडाळा, सावलीत ठेवा. मीठ-वाळू झटकून.

गाडीच्या डिकीत ठेवून देणं. मे महिन्याच्या उन्हात व्हॉल्व्हचा गोंद सुटतो. कंपनीला शिव्या देऊ नका.

तीन स्ट्रट की पाच? तीनची हलक्या वाऱ्यात हलकी, पाचची जोरात स्थिर. मोरजीला तीनवर छान भागतं. नुसतं मजेत फिरण्यासाठीची 'फ्रीराइड' काईट म्हणजे पाण्यात पडली की सहज उठणारी, बार सोडला की ओढ सोडणारी, चुका पोटात घालणारी. हे गुण दोन्हींत मिळतात.

अलूलासारखं महागडं, वजनाने हलकं नवं कापड पहिल्या काईटला? पोहायला शिकताना कुणी पैठणी नेसत नाही.

मागच्या वर्षीचं मॉडेल घेणं ही चूक नाही. बहुतेक वेळा फक्त रंग बदललेला असतो. आणि रंगाचा विषय निघालाच आहे तर नारिंगी घ्या, पिवळी घ्या, निळी नको. समुद्रात पडलेली निळी काईट शोधायला मी एकदा होडी घेऊन गेलोय.