सीएफचं मॉड्युलेटर औषध लागू पडतंय का, हे घामाच्या टेस्टवरून कसं बघायचं

सीएफ म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस, सीएफटीआर नावाच्या प्रोटीनमधल्या जन्मजात दोषाने होणारा आजार, आणि मॉड्युलेटर म्हणजे त्या प्रोटीनचं काम सुधारणारं औषध. सगळ्यात आधी, औषध सुरू करायच्या अगोदरची स्वेट क्लोराइड टेस्ट (घामातलं क्लोराइड मोजणारी) हवीच, ती नसेल तर नंतरचा आकडा कशाशी ताडून बघणार? टेस्ट सोपी आहे, हातावर पायलोकार्पिन (घाम आणणारं औषध) लावून अगदी हलका करंट देतात आणि साधारण अर्धा तास घाम गोळा करतात, सुई वगैरे काही नाही. घाम कमी पडला तर तो रिपोर्ट धरू नका, पुन्हा करून घ्या.

६० मिलिमोल प्रति लिटर किंवा त्यावर म्हणजे सीएफची रेंज, ३० ते ५९ मधली, ३० च्या खाली नॉर्मल. आयव्हाकॅफ्टर या मॉड्युलेटरच्या ट्रायलमध्ये जी५५१डी म्युटेशनवाल्यांचं (सीएफच्या जनुकातला एक ठरावीक बदल असलेल्यांचं) क्लोराइड सरासरी ५० मिलिमोलच्या आसपासने कमी झालं होतं, म्हणजे औषध सीएफटीआर प्रोटीनपर्यंत पोचलं की घामात ते पटकन दिसतं. म्हणून महिनाभराने वगैरे, डॉक्टर सांगतील तेव्हा, शक्यतो त्याच लॅबमध्ये रिपीट करा.

आता खरी गोम इथे आहे, क्लोराइड खूप उतरलं म्हणून फुफ्फुसाची ताकद तेवढीच वाढेल असं नाही, ग्रुपमध्ये मेळ दिसतो पण एकट्या पेशंटचं भाकीत त्यावरून करणं मला तरी धाडसाचं वाटतं, त्यामुळे एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोराने किती हवा सोडता येते ते), वजन, खोकला हे सोबत बघाच. आकडा हललाच नाही तर आधी डोस चुकतायत का आणि गोळी स्निग्ध पदार्थ असलेल्या खाण्यासोबत घेतली जातेय का ते तपासा, औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.